दुधावरचा आळ

“आजपासून तुझं दूध बंद!” म्हणत सासूबाईंनी चार महिन्यांचं बाळ सुनेच्या कुशीतून ओढून घेतलं... गालांवर, कोपरांच्या वळ्यांत लालभडक चट्टे उठलेलं ते पोर टाहो फोडत होतं, आणि हा निवाडा देणाऱ्या बाई कोण? तर ज्यांना थर्मामीटरवरचा आकडा वाचता येत नव्हता! पण अक्कल अशी की चार घरांना पुरून उरावी.

दोन महिने तिनं त्यांचं ऐकलं होतं. अंडं सोड, दूध सोड, दाणे सोड, वांगं सोड... नुसत्या भात-दुधीवर ती काडी झाली, पण चट्टे काही हटले नाहीत. आणि नवरा? ऑफिसात म्हणे वीस माणसांना कामाला लावतो. घरी आईपुढे नंदीबैल! “आई म्हणते ते बघ ना जरा,” एवढंच त्याचं शौर्य! अशा माणसावर आपण जीव ओवाळून टाकला, याची तिला आता शरम वाटत होती.

त्याच दुपारी सगळं खटलं दवाखान्यात गेलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गरोदरपणी घरात धूर, ओल, रंग-पॉलिशचे वास?”

“छे! आमचं घर म्हणजे आरसा!” सासूबाई तिला बोलूच देईनात. “हिच्याच अंगात विष आहे, तेच दुधातून उतरतंय. वरचं दूध सुरू करतो, तुम्ही फक्त हो म्हणा.”

तिला एका वाक्यात त्यांचं तोंड बंद करता आलं असतं... पण कोपऱ्यात सासरे होते, फर्निचरला पॉलिश करण्यात जन्म गेलेले. गुडघे गेल्यामुळे त्यांना कारखान्याचा जिना चढवेना, हातचं काम सुटलं तर हा माणूस खचेल, म्हणून सहाव्या महिन्यात तिनंच म्हटलं होतं, “बाबा, माझ्या खोलीत करा, ऊन छान येतं.” त्या उग्र दर्पात ती रोज झोपली. या घरात तिला लेक म्हणणारं तेवढं एकच माणूस! त्यांच्याकडे बोट दाखवायचं? जीव गेला तरी नाही!

“खोटं आहे हे!” सासरे काठी टेकत उठले. “तीन महिने मी हिच्या उशाशी पॉलिश मारत होतो. वर सिगरेटी फुंकत होतो. आणि हिला तुम्ही उपाशी मारलंत, मी मुकाट बघत बसलो... थू माझ्या म्हातारपणावर!”

“बाबा, नका हो असं...” तिचा बांध फुटला.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “नेमकं एकच कारण कुणालाच सांगता येणार नाही. आनुवंशिकताही असते. धूर, असले वास धोका वाढवू शकतात, तेव्हा ते आता बंद. पण आईच्या दुधावर आळ घेऊ नका, आणि हिला पोटभर जेवू घाला.”

“चुकलं माझं,” नवरा बुटांकडे बघत म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन शब्दांना दोन महिने!

बाळ भुकेनं कळवळलं. सासूबाईंनी उठून पोराला तिच्या मांडीवर ठेवलं. “घे गं, पाज त्याला. मी...” माफी मागायची जिभेला सवयच नव्हती! पण तेवढ्यात दार ढकलून कंपाउंडर डोकावला, तशा त्या दोन्ही हात पसरून दारात उभ्या राहिल्या आणि कडाडल्या, “दिसत नाही का? आई लेकराला पाजतेय!”