साक्षीबुवाचा नकार

"हे मी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही. आणि ज्याचा बसेल, त्यानं आधी आपलं डोकं तपासून घ्यावं," असं म्हणत गेनबा साळवे खडकवाडी ग्रामपंचायतीच्या पायरीवर ऐसपैस बसले. "पण ह्याच चौकात, भर दुपारी, टपालपेटीएवढ्या एका डब्यानं सरकारी हुकमाला 'नाही' म्हटलं. हुकूम आल्या पावली माघारी गेला. सोबत साहेब होते म्हणून बरं, नाहीतर एकटाच चालत गेला असता!"

सव्वीस जानेवारीची सकाळ होती. झेंडावंदन झालं होतं, जिलेबीही वाटून झाली होती. आता सगळे जिल्ह्याच्या संग्रहालयाची गाडी कधी येते याची वाट पाहत होते. ग्रामपंचायतीच्या भिंतीतला तो जुना डबा आज संग्रहालयात जायचा होता. त्याच्यासाठी पितळी पाटीही तयार होती: 'या यंत्राने खडकवाडीतील अकरा घरांचे हक्क राखले.'

यंत्राचं तोंड ओसरीवर चौकाकडं होतं आणि पोट भिंतीमागच्या अडगळीच्या खोलीत. त्या खोलीत जिल्ह्याहून आलेली तंत्रज्ञ नसीम तांबोळी स्क्रू उघडत बसली होती. यंत्राशेजारी भिंतीला हातभर लोखंडी जाळी होती. तिच्यातून तिला बाहेर बसलेल्यांच्या पाठी दिसत होत्या आणि गेनबांचं बोलणं ऐकू येत होतं. यंत्राच्या नोंदी उतरवून घ्यायच्या आणि 'नकार याच यंत्राने दिला' अशा प्रमाणपत्रावर सही करायची, एवढंच तिचं काम होतं.

"आबा, नकार द्यायला यंत्राला डोकं होतं का?" शेजारच्या गावच्या एका पाहुण्यानं विचारलं.

"डोकं नव्हतं, तीन प्रश्न होते. डोक्यापेक्षा ते बरे." गेनबांनी तीन बोटं वर केली. "सरकारनं नाव दिलं 'घटनासाक्षी', आम्ही म्हणायचो साक्षीबुवा. कुठलाही हुकूम बजावण्याआधी साहेबांनी तो बुवाच्या तोंडात सारायचा. बुवा वाचणार आणि तपासणार, हा हुकूम कुठल्या कायद्यानं? तो काढायचा अधिकार ह्याच साहेबांचा का? आणि ज्याच्यावर हुकूम आहे, त्याचं म्हणणं ऐकलंय का? तिन्ही ठीक असलं तर हिरवा शिक्का. एक जरी चुकलं, तर कागद परत, आणि का परत ते चौकभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं."

"म्हणजे बुवाच न्यायाधीश!"

"छे! बुवा कसला न्याय करतोय? न्याय करायचा कोर्टानं, कायदा करायचा विधिमंडळानं, अंमल करायचा साहेबांनी. आपल्या राज्यघटनेनं तिघांची तीन वावरं आखून दिलीत. बुवानं फक्त बांधावर उभं राहायचं. कोण कुणाच्या वावरात शिरतोय, ते ओरडून सांगायचं. माझंच काम म्हणा ना. मी कोतवाल. तीस वर्षं गावात दवंडी पिटली."

गेनबांची छाती इथं जरा पुढं आली. बुवाला जो आवाज दिला होता, तो त्यांचाच होता. 'कुणी सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल?' असं सरकारनं तालुक्यात घरोघर विचारलं, तेव्हा निम्म्या घरांनी खडकवाडीच्या कोतवालाचं नाव घेतलं. मग जिल्ह्याला तीन दिवस बसवून घेऊन त्यांच्या आवाजाचा ठसा काढला गेला. त्या ठशावरून यंत्र हवं ते वाक्य गेनबांसारखं बोलायचं. घशातली खरखरसुद्धा हुबेहूब होती.

"आणि तेव्हापासून मी चौकात मोठ्यानं बोलणं सोडलं," गेनबा म्हणाले. "कायदाच तसा होता. बुवाच्या नावानं दुसरा कुणी बोलला, तर दोन वर्षं आत. आमची मंडळी खूश. म्हणाली, यंत्र आलं ते एका अर्थी बरंच झालं."

"मुद्द्यावर ये की गेनबा," सरपंच चंद्राक्का धोत्रे खुर्चीतून म्हणाल्या. वयानं सत्तरीच्या पुढं, पण पाठ ताठ. "गाडी येईल तरी तुझा बुवा बोलायचा नाही."

"येतो ना आक्का. तर मंडळी, पहिल्याच दिवशी काय झालं? बुवाला भिंतीत बसवायचा हुकूम साहेबांनी त्याच्याच तोंडात घातला. बुवानं तो परत केला! म्हणाला, ग्रामसभेला विचारलंय का? मला इथं कुणी बसवायला सांगितलं?"

चौकात हशा पिकला. जाळीमागं नसीमही हसली. तिनं यंत्राची नोंदपट्टी शोधून काढली. ही पट्टी यंत्राची आठवण. बुवानं कोणता कागद कधी घेतला, काय बोलला, कधी चालू होता, कधी बंद, सगळं तिच्यात साठायचं. पट्टी तिनं आपल्या टॅबलेटला जोडली. पहिली नोंद वाचून ती थक्क झाली. यंत्रानं पहिला कागद खरंच परत केला होता.

"मग आला तो दिवस," गेनबांनी आवाज खाली आणला. "खाणीकडं मोठा रस्ता काढायचं ठरलं. खाणीच्या कडेला वडारांची अकरा घरं. त्यातलं एक आपल्या आक्काचं. आक्का तेव्हा सरपंच नव्हती, दगड फोडायची. तुम्ही बसलाय ना, त्या पायऱ्या तिच्या मालकांनी घडवल्यात. नवे साहेब आले, सोबत बुलडोझर. हुकूम काय? संध्याकाळच्या आत घरं खाली करा. नोटीस नाही, सुनावणी नाही. आणि आक्काची सून पाच दिवसांची बाळंतीण. घरात पाचवीची पूजा मांडलेली!"

चंद्राक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आक्कानं काय करावं? आपल्या चुलीचे तीन दगड उचलून आणले आणि इथं, साहेबांच्या पायाशी मांडले. म्हणाली, घर पाडणार असाल तर चूल इथंच पेटवते. बाळंतिणीला ऊन पाणी तरी तुमच्यासमोर तापू दे. पण त्याआधी एकदा आम्हाला विचारा तरी, की बाई, तू जाणार कुठं?"

"मग?"

"साहेब म्हणाले, विचारायचं काम माझं नाही, वरून हुकूम आहे. कागद बुवाच्या तोंडात घातला आणि लोकांकडं तोंड करून उभे राहिले. साहेबांच्या मानेवर, मागं कॉलरच्या वर, वाटाण्याएवढा तीळ होता. त्याच्यावरून घामाचा एक ओघळ खाली आला. कॉलरमध्ये शिरला. तरी बुवा गप्प. आणि मग..." गेनबांनी डोळे मिटले. "ऐका हो ऐका! हा कागद परत! ज्याचं घर, त्याला विचारलेलं नाही. राज्यघटनेचं एकविसावं कलम म्हणतं, कायद्यानं ठरवून दिलेली रीत पाळल्याशिवाय कुणाच्या जिवाला धक्का लावता येत नाही, आणि ज्याचं छप्पर गेलं त्याचा जीव उघड्यावर येतो! ऐकून न घेता चूल मोडायचा अधिकार साहेबांना नाही, मंत्र्याला नाही, मलाही नाही हो!"

सत्तर वर्षांच्या छातीतून तो आवाज असा निघाला की झेंड्याच्या खांबावरची साळुंकी उडाली.

"काय सांगू, त्या आवाजानं बुलडोझर आपोआप बंद पडला. तीन किलोमीटरवर एसटी थांबली आणि प्रवासी खाली उतरून उभे राहिले!"

"मागल्या वर्षी एसटी दीड किलोमीटरवर होती," चंद्राक्का म्हणाल्या.

"आवाज जसा जुना होतो तसा लांब जातो, आक्का." पुन्हा हशा झाला. "पण पुढचं ऐका, ते खोटं नाही. साहेबांना सुनावणी लावावी लागली. ग्रामसभा बसली. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्ट म्हणालं, ज्याचं ऐकलं नाही त्याच्यावरचा हुकूम हा हुकूमच नव्हे. रस्ता पलीकडच्या माळावरून गेला. साहेबांची बदली झाली, खडकवाडीत त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. आणि त्या अकरा घरांची आज तेवीस झाली. त्या पाचवीच्या पूजेतलं पोर आता वकिलीला आहे!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि आबा, तुम्ही कुठं होता त्या वेळी?" जाळीमागून नसीमचा आवाज आला.

"मी? मी कुठला तिथं पोरी! तापानं फणफणलो होतो. घरात चार गोधड्या अंगावर घेऊन पडलो होतो. सगळं नंतर ऐकलं."

खोलीत स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग नसीम दारातून बाहेर आली. एका हातात टॅबलेट, दुसऱ्या हातात प्रमाणपत्र आणि पेन. ती ओसरीवर, यंत्रापुढं, लोकांकडं तोंड करून उभी राहिली. मान वळवून तिनं मागच्या जाळीकडं पाहिलं आणि मग गेनबांकडं.

"आबा, बुवा 'ऐका हो ऐका' म्हणाला?"

"म्हणाला ना."

"बुवाच्या नोंदीत सहाशे चौदा नकार आहेत. त्यातल्या एकातही तो असं म्हणालेला नाही."

"त्या दिवशी म्हणाला असेल. प्रसंगच तसा होता."

"त्या दिवसाची नोंदच नाही. दुरुस्तीच्या नोंदीत आहे, चार दिवस आधी खारीनं वायर कुरतडली होती. बुवा आठवडाभर मुका होता."

"यंत्रच ते. विसरलं असेल."

"यंत्र विसरत नाही, आबा."

गेनबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. त्यांनी चंद्राक्कांकडं पाहिलं. चंद्राक्का खुर्चीतून उठल्या होत्या. वीस वर्षांत आज पहिल्यांदाच पाहिल्यासारख्या त्या गेनबांच्या तोंडाकडं बघत होत्या. चौकाच्या टोकाला संग्रहालयाची गाडी वळली. पितळी पाटीवर ऊन पडलं होतं.

नसीमनं पेनाचं टोपण काढलं, पण कागदावर पेन टेकवलं नाही.

"तुम्ही खोटं सांगताय, आबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चौकातल्या लोकांना साहेबांचं तोंड दिसत होतं. मानेवरचा तीळ आणि त्याच्यावरून उतरणारा घाम फक्त ह्या जाळीच्या मागून दिसतो. चार गोधड्यांखालून नाही. मग आता सांगा, अकरा घरं राखली म्हणून ह्या पाटीवर मी कुणाचं नाव घालू?"