गोड्या पाण्यातलं मीठ

आईला घेऊन यायचं, एवढंच काम होतं. नागपूरहून जबलपूरला जाणारी बस बरगीवरूनच जाते, म्हणून श्रीरंगरावांनी लेकीला फोनवर सांगितलं, "सुखदा, तू मधेच उतर. प्रमोदिनीकडून आईला घे आणि दोघी मिळून घरी या. उद्या सकाळी ग्वारीघाटावर गुरुजींना सांगून ठेवलंय." आणि वर म्हणाले, "नाही म्हणाली तरी आण."

सुखदा उतरली तेव्हा पौषातलं ऊन कलायला लागलं होतं. प्रमोदिनीमावशीचं घर वस्तीच्या अगदी शेवटी, नर्मदेवरच्या धरणाच्या पाण्याला लागून. मागच्या दारातून निघालेला उतार सरळ पाण्यातच जायचा. थंडीत तिकडे फारसं कोणी फिरकत नसे.

सुखदाचा धाकटा भाऊ आल्हाद मर्चंट नेव्हीत होता. बाप जन्मभर खमरियाच्या फॅक्टरीत तोफगोळे भरणारा. पोराने मालवाहू जहाज निवडलं. "आमच्यात लढाई नसते बाबा, आम्ही नुसता माल पोचवतो," असं हसून सांगायचा. तांबड्या समुद्रात त्याच्या गव्हाने भरलेल्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. भांडण भलत्यांचंच होतं. इंजिन रूममध्ये पाणी शिरलं. वरचे सगळे वाचले. खाली पाळीवर असलेला आल्हाद आणि त्याचे दोन सोबती सापडलेच नाहीत. याला दोन वर्षं झाली. देह नाही, तर दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून टाकू, असं श्रीरंगराव म्हणाले, त्याच दिवशी त्याच्या आईने, प्रतिमाबाईंनी, पिशवी भरली. "माझा पोरगा का गवताचा होता?" एवढंच बोलून त्या बहिणीकडे निघून आल्या.

मावशी दारातच उभी होती. "बरं झालं आलीस. चहा नंतर घे." तिने सुखदाला हाताला धरून मागच्या दारात नेलं आणि आवाज खाली आणला. "रोज दिवेलागणीला तिथे जाऊन बसते. काहून म्हटलं, तर म्हणते, इंजिन ऐकून राहिली."

"कसलं इंजिन?"

"मला नाही येत ऐकू. पण आधी काठावर बसायची... काल पाण्यात पाय सोडून बसली होती."

सुखदा उतार उतरली. कोळ्यांच्या नावा पालथ्या घालून ठेवलेल्या होत्या. पाण्यावर धुकं धरायला लागलं होतं आणि पलीकडच्या टेकड्या बघता बघता पुसल्या गेल्या. चिखलाच्या वासात दुसराच एक वास मिसळला होता. जळक्या डिझेलचा, गंजलेल्या लोखंडाचा. आणि मग तिच्या तळपायांना ते कळलं. कानांना नव्हे, तळपायांना. जमिनीच्या खालून, पाण्याच्या खूप खालून, एका लयीत... धड... धड... धड...



"ऐकलं नं?" प्रतिमाबाई मागे न बघताच म्हणाल्या. त्या पाण्याच्या कडेला पाठमोऱ्या बसल्या होत्या. "मी सांगत होते, तर वेडी म्हणत होते सगळे. खाली आहे तो. ड्युटीवर आहे."

"आई... घरी चल. बाबा वाट पाहून राहिले."

"दोन वर्षं झाली सुखदा. कोणी उतरलं का खाली? एकाने तरी जाऊन पाहिलं का, पोरगं कसं आहे?" त्या उठल्या. पदर खोचला. स्वयंपाकघरात जावं इतक्या साधेपणाने म्हणाल्या, "मी बघून येते."

आणि चालत पाण्यात शिरल्या.

सुखदा ओरडली, धावली. पण काठच्या गाळात तिचे पाय पिंढऱ्यांपर्यंत रुतले. एक उपसावा तर दुसरा आणखी खोल. वर मावशी "नर्मदे हर, नर्मदे हर" असं किंचाळत होती. प्रतिमाबाईंच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं. त्या थांबल्या नाहीत.

थांबलं ते इंजिन. एकदम. इतकी शांतता झाली की सुखदाला स्वतःचा श्वास मोठा वाटला.

मग तिने जे पाहिलं ते तिने आजवर फक्त बापाला सांगितलं आहे. आई परत येत होती, पण वळून नाही. तोंड धुक्याकडेच, आणि देह मागे मागे सरकत होता. टाचा रोवून माणूस अडून बसावा आणि कोणी त्याला समोरून रेटावं, तसा.

"सोड... अरे, मी येते नं..." प्रतिमाबाई समोरच्या रिकाम्या पाण्याशी झटत होत्या. "ढकलतो काहून असा..."

शेवटचा रेटा मोठा होता. त्या काठावर सुखदाच्या अंगावर येऊन पडल्या. लेकीने त्यांना घट्ट मिठी मारली. आणि दोन वर्षांत ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, त्या प्रतिमाबाई गळा काढून रडल्या.

"काही बोलला का गं?" सुखदाने हळूच विचारलं.

"नाही. नुसतं ढकललं. लहानपणी आंघोळीला न्यायला लागले की असाच दोन्ही हातांनी ढकलायचा मला." त्यांनी नाक पुसलं. श्वास जागेवर आला. "आणि आणखी हात होते, सुखदा. मित्र असतील त्याचे. एकटा नाहीये तो. मला तेवढंच खात होतं गं... की अंधारात एकटा असेल."

मग अगदी नेहमीच्या आवाजात: "गुरुजी किती वाजता येणार आहेत?"

दुसऱ्या दिवशी ग्वारीघाटावर प्रतिमाबाईंनी तो दर्भाचा पुतळा स्वतः मांडीवर घेतला. त्याला आल्हादचा मफलर गुंडाळला. "थंडी आहे," म्हणाल्या. श्रीरंगरावांनी अग्नी दिला तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. घरी आल्यावर पोटभर वरणभात जेवल्या आणि भरदुपारी गाढ झोपल्या. जबलपुरातलं, विजय नगरचं त्यांचं घर दोन वर्षांनी मोकळा श्वास घेत होतं. श्रीरंगरावांनी तर रेडिओसुद्धा लावला, हळू आवाजात.

आदल्या दिवशीची ओली साडी सुखदाने गच्चीवर वाळत घातली होती. संध्याकाळी ती काढायला गेली, तेव्हा निळ्या सुतावर पांढरे डाग उमटले होते. तिने बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ. नर्मदेच्या पाण्यातून मीठ.

डाग नव्हतेच ते, हात होते. खांद्यांवर दोन, छातीवर, कुशीला... पाचही बोटं पसरलेले, मोठे, पुरुषी तळवे. तिघांचे. सुखदा रडता रडता हसली. तिने साडी गालाला लावली, मग घडी घालायला सगळी उलगडली.

तेव्हा तिला खालचे दिसले. निऱ्यांवर, गुडघ्याच्या उंचीला, शेजारी शेजारी टेकलेले दोन तळवे. तिने त्यावर आपला हात ठेवून पाहिला. तिच्या अर्ध्या हाताएवढेसुद्धा नव्हते.

आल्हादच्या जहाजावर लहान मूल नव्हतं. पण आंघोळीला न्यायला लागलं की आईला दोन्ही हातांनी ढकलणारा आल्हाद एवढाच होता.