मायच्या खोलीची काच

रविता टेंभरे गोंदियात लोकांच्या घरांची अंतर्गत सजावट करायची. नागपुरात शिकून आलेली; मापातली सुतभर चूक तिला खपायची नाही. २०१२च्या मार्चमध्ये तिने भुवनेश्वर कटरेंच्या नव्या घराचं काम घेतलं. कटरेंचं बियाण्यांचं दुकान होतं. घरात ते, बायको रुचि आणि वर्षापूर्वी खुब्याचं हाड मोडलेली आई, सुखवंताबाई.

हॉल आणि आईची खोली यांच्यामध्ये भुवनेश्वरला विटांची भिंत नको होती, काच हवी होती.

"माय दिसत राहिली पाहिजे, मॅडम. पडली-झडली तर समजलं पाहिजे. घडी घडी उठून अंदर कोण जाते?"

सुखवंताबाई वॉकर धरून बाजूलाच उभ्या होत्या. "मले कोणी पाहून राहिला का झोप येत नाही," त्या म्हणाल्या. "अन् लुगडं कुठं बदलू मी?"

रविताने मधला मार्ग काढला. काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर दुधी फिल्म, वरचा भाग स्वच्छ, आणि आतून पडदा. पडद्याची दोरी सुखवंताबाईंच्या पलंगाशी. म्हातारी समाधानाने हसली होती. पण काच बसली त्या दिवशी भुवनेश्वर रविताला बाजूला घेऊन म्हणाला, "फिल्म नको, पडदाही नको. मग काच कायले लावली?" रविताने वाद घातला नाही. घर त्यांचं होतं. सुखवंताबाईंकडे न बघताच ती निघाली.

तीन आठवड्यांनी रुचिचा फोन आला. "काचेत काहीतरी फॉल्ट आहे. एकदा येऊन पाहा."

रविता गेली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. हॉलमधून आतली खोली लख्ख दिसत होती. सुखवंताबाई पलंगावर पाठमोऱ्या बसून केस विंचरत होत्या. मोकळे, कंबरेपर्यंत आलेले पांढरे केस.

"दोन घंट्यांपासून विंचरून राहिल्या," रुचि म्हणाली. "आता दारातून पाहा."

काचेशेजारी लाकडी दार होतं. रविताने ते उघडलं. सुखवंताबाई खिडकीपाशी खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. डोक्यावर पदर, केस घट्ट बांधलेले. पलंगावर कोणीच नव्हतं.

रविताने दार लोटलं आणि पुन्हा काचेतून पाहिलं. केस विंचरणं चालूच होतं.

तिने हॉलचे दिवे घालवले. खिडक्या लावल्या. नुसतं प्रतिबिंब असेल तर मागे काळं धरल्यावरही दिसत राहील, म्हणून काचेमागे काळं कापड धरायला ती आत गेली. तेव्हा सुखवंताबाई शेंग सोलता सोलता म्हणाल्या, "तुमाले मी दिसतो. मले तुम्ही दिसता."

"म्हणजे?"

"घरी कोणी नसला ना, तरी सगळे सोफ्यावर बसून राहतात. इकडं तोंड करून. तू पण राहतेस त्यात. पापणी नाही हलवत कोणी." त्यांनी शेंगांची टोपली खाली ठेवली. "मले पडदा लावून दे, बेटी. तू देतो म्हणाली होतीस."

रविताने हॉलकडे पाहिलं. सोफा रिकामा होता. निदान तिला तरी रिकामा दिसला.

"परवा आणते," ती म्हणाली.

भुवनेश्वरला तिने फोनवर सांगितलं. तो हसला. "काच बराबर आहे. मी रोज पाहतो मायले."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी दुपारी ती पडदा घेऊन पोहोचली. रुचि हॉलमध्ये तांदूळ निवडत होती. काचेपलीकडे सुखवंताबाई पलंगावर ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर हॉलकडे.

"तुम्ही आत गेला होतात का आज?" रविताने विचारलं.

"सकाळी चहा दिला. मग इथंच तर आहे मी. दिसूनच राहिल्या ना."

रविताने दार उघडलं.

सुखवंताबाई फरशीवर पडल्या होत्या. काचेला अगदी लागून. ओठ कोरडे पडलेले, मूठ काचेवर टेकलेली.

"किती ठोकलं," त्या पुटपुटल्या. "सगळे पाहूनच राहिले."

दवाखान्यातून त्या मुलीकडे सालेकशाला गेल्या. बऱ्या झाल्या, पण परत यायला तयार नव्हत्या. भुवनेश्वर दोनदा आणायला गेला आणि एकटाच परतला. त्यानंतर त्यानेच रविताला सांगितलं, काच प्लायवूडने बंद करा.

सुतार सेवकराम एकटाच काम करत होता. खोली आतून रिकामी केली होती. दाराला कुलूप होतं. चार फळ्या बसल्या. शेवटची फळी उचलून तो थांबला. रविता हॉलच्या दुसऱ्या टोकाला माप घेत होती.

"मॅडम," तो सहज म्हणाला, "आजीले जरा मागं सरकाले सांगा. काचेले तोंड लावून उभी आहे. स्क्रू मारताना हादरा बसंल."