डॉक्टर वाल्देमारचे जोडलेले हात

हे खरं आहे. पटत नसेल तर आरासेलीला विचारा. ती माझ्या बाकावर बसते आणि तिला थापा मारताच येत नाहीत. परीक्षेतसुद्धा नाही!

गाव काआसापा. जानेवारीतला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातला मंगळवार, दुपारचे दोन.

आमच्याकडची भुतं रात्रीची वाट बघत नाहीत. भर उन्हात सगळं गाव दारं लावून झोपतं... तीच त्यांची वेळ.

आरासेलीच्या आजीचं, दोन्या देओलिंडाचं, इन्सुलिन तीन आठवडे बंद होतं. पायाची दोन बोटं काळी पडत चालली होती. आणि फोनवरच्या जाहिरातीत डॉक्टर वाल्देमार हसून सांगत होते, "सुया फेका. माझे थेंब घ्या."

डॉक्टर वाल्देमार दीड वर्षापूर्वी वारले होते.

"आजी, अगं तो मेलाय!"

"मला सांगतेस? मूठभर माती मी टाकलीय. मेलाय म्हणूनच ऐकते. मेलेल्या माणसाला खोटं बोलून काय मिळणार?"

"मशीननं बनवलेलं तोंड आहे ते!"

"आणि गालावरचा तीळ? तोही मशीनचाच? जा, तेरेरेच्या गार चहाला बर्फ आण."

आरासेलीनं त्या ॲपकडे जाहिरातीची अकरा वेळा तक्रार केली. अकरा वेळा तेच उत्तर. 'तपासलं. नियमभंग आढळला नाही.' दवाखान्यातली बाई म्हणाली, "मृताच्या घरच्यांनी अर्ज करायचा." घरचे सगळे परदेशात!

रडू नाही, संताप आला तिला. दात-ओठ खात ती घरी आली, आणि तेव्हा तिला ते आठवलं.

आजी डॉक्टरांची धर्मआई, बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेली आई. आमच्यात माणूस कितीही मोठा होवो, धर्मआई दिसली की आधी हात जोडून आशीर्वाद मागायचा. ती देत नाही तोवर हात खाली घ्यायचे नाहीत. डॉक्टर तर भर बाजारात, पांढऱ्या कोटात उभे राहायचे. डाव्या हाताची करंगळी अर्धीच. लहानपणी उसाच्या चरकात गेलेली.

"आजी, ह्यानं एकदा तरी तुझा आशीर्वाद मागितला?"

आजीनं हातातला फोन उलटा करून ठेवला.

"आज दुसऱ्या बाटलीसाठी थेंबवाल्यांचा फोन येणारे ना? तो आशीर्वाद मागेपर्यंत तोंड उघडू नकोस."

बरोब्बर दोनला फोन वाजला. पडद्यावर डॉक्टरांचा चेहरा. तोच तीळ.

"नमस्कार, दोन्या देओलिंडा! दुसरी बाटली पाठवू?"

आजी गप्प.

"ऐकू येतंय ना?"

गप्प.

पंखा थांबला... बाहेर किरकिरणारे किडेही थांबले.

आणि डॉक्टरांचे ओठ मिटले.

आवाज मात्र चालूच होता!

"पायाची सूज कशी... अरे, हे काय? कोण करतंय हे?"

पडद्याच्या खालून हळूहळू दोन हात वर आले...

जोडलेले.

डावी करंगळी अर्धी.

"बंद कर!" फोनमध्येच मागून कुणीतरी ओरडलं. "वायर काढ!"

"काढलीय रे!"

फोन तुटला. आजीच्या ओठांवर आलेला आशीर्वाद तिथेच राहिला.

आजी उठली. फ्रिज उघडला.

"सुई दे, पोरी."

आजी वाचली. दोन बोटं गेली. जाहिरात? अजून चालू आहे! बारावी तक्रार, बारावं तेच उत्तर.

आणि आता रोज दुपारी दोनला फोन येतो. डॉक्टरांचा आवाज काढणारा तोच माणूस, पण आता स्वतःच्या आवाजात. रडतो.

"सेन्योरा, एकदा बोला हो त्याच्याशी. आम्ही फोनवर कुठल्याही डॉक्टरचं तोंड लावलं तरी तेच हात वर येतात. खालीच जात नाहीत!"

"आधी ती जाहिरात काढ."

"काढतो हो, दुसरे परत टाकतात!"

आजी फोन ठेवते.

आरासेलीला हल्ली दुपारी झोप लागत नाही. त्या चोराची तिला दया नाही. पण डॉक्टर किती दिवस असे उभे राहणार? काल न राहवून ती म्हणाली, "आजी, देऊन टाक ना आशीर्वाद. हात भरून आले असतील त्यांचे."

आजीनं डोळे पुसले.

"दिला तर तो जाईल गं. मग ह्यांना अडवायला कोण आहे?"

 

आत्ता दोनला पाच कमी आहेत.