दोन नंबरचं मशीन

रुग्णालयाच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, वाफेत निर्जंतुक करून पुन्हा वर पाठवतात. तिथे ती चौदा वर्षं काम करत होती. सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे सर्जनसुद्धा. कात्रीच्या बिजागरीत ब्रश घालून, एकेक चिमटा भिंगाखाली धरून ती असा तपासायची की तिच्या हातचा सेट डोळे झाकून वापरावा. फक्त धाकट्या बहिणीचा नवरा तिला ‘भांडीवाली’ म्हणायचा. तो रात्री मालगाडी हाकायचा, दिवसा झोपायचा आणि मधल्या वेळात बायकोला मारायचा.

एका मंगळवारी दहाच्या सुमाराला वरून फोन आला. सीलबंद सेट उघडला, तर वाकड्या चिमट्याच्या टोकाला रक्त. सर्जनने अख्खा ट्रे भिंतीवर भिरकावला होता. इनचार्ज सिस्टरनी तिला बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत, उलट घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. ते तिला जास्त लागलं.

ट्रे खाली आल्यावर तिने आधी सेटवरची वाफेची खूण दाखवणारी पट्टी पाहिली. पट्टीवरच्या रेघा काळ्या पडल्या होत्या, म्हणजे वाफ बसली होती. एकशे चौतीस अंशांत रक्त राहिलंच, तर करपून त्याची तपकिरी खपली होते. हे लाल होतं. चिमटा उभा धरला, तर ओघळून तिच्या हातमोज्यावर आलं.

संध्याकाळी बहिणीने फोनवर हलक्या आवाजात सांगितलं. सकाळी झोपेत नवऱ्याच्या दंडाचं मांस कोणीतरी चिमटून उपटल्यासारखं निघालं होतं, कडा दातेरी. हे तुझंच काम, म्हणून त्याने तिचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लोटलं. दोन बोटं मोडली.

नवव्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी चार दातांचा आकडा होता, जखम फाकवून धरतात तो. चारही दात लाल. दुपारी बहिणीलाच अपघात विभागात आणलं. नवऱ्याने इस्त्री फेकून जबडा फोडला होता. डॉक्टरांनी जबडा तारांनी बांधला, तेव्हा तिने कागद मागून डाव्या हाताने लिहिलं: त्याच्या पाठीवर चार ओरखडे, खांद्यापासून कमरेपर्यंत. मी काही नाही केलं.

ताई खाली येऊन स्टुलावर बसली. ती अंगात येण्यावर किंवा नजर लागण्यावर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. तिने नोंदवही काढली. दोन्ही सेट वाफेच्या दोन नंबरच्या मशीनमधून निघाले होते. दोन्ही तिनेच बांधले होते. वहीत नसलेली गोष्टही तिला आठवली. दोन्ही वेळा कापड दुमडताना ती मनात मेहुण्याला फाडून खात होती.

मग तीन आठवडे ती पाढे म्हणत सेट बांधत राहिली. एकोणतिसाचा पाढा तिला शाळेत कधी आला नव्हता, तो आता पाठ झाला. सगळे सेट स्वच्छ निघाले.

बहिणीला घरी सोडलं, त्या दिवशी तो न्यायला आला. फाटकापाशी त्याने तिचा दंड धरला आणि ताईकडे बघून म्हणाला, “तोंड शिवलंत ते बरं केलंत. घर शांत राहील.”

बहीण गेली. ती नेहमीच जायची.

दुसऱ्या दिवशी हाडांचं एकही ऑपरेशन नव्हतं. ताईने तरी हाडांचा सेट घेतला. करवत, छिन्नी, हातोडा. कापड अंथरलं. पाढा म्हटला नाही. पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करून तिने त्याला डोळ्यांपुढे उभा केला, गुडघे, बरगड्या, गळा, आणि एकेक घडी घालत गेली. अकरा वाजता सेट दोन नंबरमध्ये ठेवून दार लावलं.

सातव्या मिनिटाला आतून ठोका ऐकू आला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा नव्हे. हाडावर आपटल्याचा.

पुन्हा. पुन्हा.

मशीन थांबवायचं लाल बटण हाताच्या अंतरावर होतं.

तिने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले.

मग करवत सुरू झाली. घाई नव्हती. सवयीच्या हाताची, सरळ, लांब ओढ. मध्येच अडायची, कोन बदलायची, पुन्हा चालू व्हायची.

अकरा चाळीसला सगळं शांत झालं.

तो सेट तिने तीनदा धुतला.

पोलिसांनी बहिणीला अकरा दिवस फेऱ्या मारायला लावल्या. पण तो झोपला होता त्या खोलीला आतून कडी होती, हत्यार सापडलं नाही, आणि प्लास्टरमधल्या बोटांनी कोणी माणसाचे एवढे तुकडे करू शकत नाही, हे त्यांनाही कळत होतं. शेवटी त्यांनी तिला सोडलं. ती ताईकडे राहायला आली. रोज पातळ पेज प्यायची, अंगणात बसायची, काही लिहून सांगायची नाही. ताईला वाटलं, सुटली बिचारी.

जबड्याच्या तारा निघाल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी ताई ओट्यापाशी काकडी चिरत होती. बहीण मागे उभी राहून बोलायला लागली. शब्द अजून बोबडे पडत होते.

“तो पाठीच्या ओरखड्यांपासून घाबरला होता. आतून कडी लावून झोपायचा. मी बाहेर होते, सगळं ऐकत.” ती थांबली. “तो म्हणाला, ताई, पुरे. दोनदा म्हणाला.”

ताईचा हात थांबला. “आणखी काही बोलला?”

“हो. शेवटी.” बहिणीने जबडा चाचपला. “म्हणाला, तिचे हात तर खिशात आहेत. मग हे कोणाचे?”

ताईने दुसरी काकडी घेतली.

बहिणीने पुढे होऊन तिच्या हातातली सुरी हळूच काढून घेतली, ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि आपली खुर्ची दाराजवळ ओढून जेवायला बसली.