न थरथरणारा ठिपका

प्रणव, सकाळी ऑफिसात तू विचारलंस, नाइट गेमसाठी इन्फ्रारेड लेझर कुठला घेऊ, आणि मी विषय बदलला. तुला जरा लागलं असेल. पण कॉफी मशीनपाशी उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं. बस इथे. मयूरा नाइट शिफ्टला गेलीये, लेक झोपलीये. तो दिवा असू दे चालू. मी हल्ली पॅटिओवर दिव्याशिवाय बसत नाही.

मागच्या वर्षीचा जुलै, इथला हिवाळा. एअरसॉफ्टच्या छर्ऱ्यांच्या बंदुकांना ऑस्ट्रेलियात परवानगी नाही, पण इथे क्वीन्सलँडमध्ये जेल ब्लास्टर, खेळण्यातल्या बंदुका, चालतात, आम्ही तेच खेळायचो. पाण्यात फुगवलेल्या साबुदाण्यासारख्या गोळ्या असतात, लागल्या तर चिमटा बसतो, एवढंच. मला या खेळात ओढलं हृषीकेशने. तू त्याला भेटलेला नाहीस. आम्ही एकाच वर्षी इथे युनीला शिकायला आलो, दोन वर्षं एका खोलीत काढली. पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो, तो फायबर केबल जोडायच्या कामात. मयूराच्या बाळंतपणात माझ्या आईचा व्हिसा अडकला, तेव्हा हाच महिनाभर रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचा. डिंकाचे लाडू कसे करतात ते फोनवर आपल्या बहिणीला विचारून केले होते त्याने. दगडासारखे झाले होते. मयूराने सगळे खाल्ले.

तर, हृषीकेशकडे होती तशी एक जुनी नाइट व्हिजन ट्यूब मी तेव्हा नुकतीच घेतली होती. एका डोळ्यावर लावायची, काळोखातलं सगळं हिरवट दिसायला लागतं. ती लावली की बंदुकीच्या दुर्बिणीत डोळा घालता येत नाही, म्हणून लेझर लागतो. बटण दाबलं की गोळी जिथे जाणार तिथे ठिपका पडतो. ज्याच्या डोळ्यावर ट्यूब आहे त्यालाच तो दिसतो. बाकीच्यांना नुसता अंधार.

एका शनिवारी दुपारी, आरव्होला, मी हृषीकेशच्या गराजमध्ये गेलो, लेझर निवडायला. त्याने वर्कबेंचवर दोन मांडून ठेवले होते. एक मोठा, रुबाबदार, लष्करासारखा दिसणारा. त्याने तो माझ्या हातात दिला. वजनच नव्हतं.

"आत नुसती बॅटरीची जागा आहे," तो म्हणाला. "दोन धक्के बसले की ठिपका भलतीकडे जातो. हा दुसरा बघ. लहान आहे, पण धातूचा आहे. लाल आणि इन्फ्रारेड एकाच घरात बसवलेत. दिवसा लालवर नेम जुळवायचा, रात्री नॉब फिरवायचा. आणि पॉवर कमी आहे. हाच घे."

मी फोन काढून त्याला तिसरा दाखवला. खेळ सोडणाऱ्या कुणीतरी विकायला काढलेला. फुल पॉवर. नॉबच्या आड एक बारीक स्क्रू असतो, नॉब 'हाय'वर जाऊ नये म्हणून. यातला तो स्क्रू काढलेला होता.

हृषीकेशने फोनकडे नीट बघितलंही नाही. "शार्दूल, लाल उजेड डोळ्यात गेला तर पापणी आपोआप मिटते. हा दिसतच नाही. मग पापणी कशाला मिटेल? डोळा उघडा राहतो आणि आतून भाजतो. दुखतही नाही. गॉगल गोळ्या अडवतो, उजेड नाही अडवत. कामावर पहिल्या दिवशी आम्हाला हेच शिकवतात. फायबरच्या टोकात डोळा घालायचा नाही, केबल बंद आहे असं कुणी शपथेवर सांगितलं तरी."

"नो वरीज," मी म्हटलं. त्याचा तो लहान लेझर घेऊन घरी आलो. आणि रात्री तो दुसरा मागवला.

का, ते मला अजून सांगता येत नाही. लांबवर दिसेल असं वाटलं. आपण काही वेडे नाही, 'लो'वरच ठेवू, असंही वाटलं. आल्यावर बसवला आणि त्याला काही बोललो नाही. दोन्ही काळेच असतात, अंधारात कोण बघतंय.

इप्सविचच्या पलीकडे रॉस नावाच्या म्हाताऱ्याचं फार्म आहे. पूर्वी तिथे गाई होत्या, आता तो शनिवारी रात्री कुरण खेळायला देतो. स्वतः पत्र्याच्या शेडमध्ये किटली आणि वॉकीटॉकी रेडिओ घेऊन बसतो. खेळाच्या हद्दीबाहेर कुणी जात असलं तर रेडिओवर ओरडतो, बाकी बोलत नाही. नवा लेझर बसवल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी आम्ही आठ जण होतो, चार-चारच्या दोन टीम. चंद्र नव्हता. दुपारभर पश्चिमेकडून कोरडा वारा सुटला होता, तो पडला आणि लांब कुठेतरी जाळलेल्या झाडीचा धूर खाली उतरून बसला. गवताला, कपड्यांना, लाळेलासुद्धा राखेची चव येत होती.

साडेदहाच्या सुमारास मी आणि हृषीकेश तळ्याच्या बांधाआड पालथे पडलो होतो. कर्ल्यू ओरडत होते. तू ऐकलायस ना तो पक्षी? बाई रडतीये असंच वाटतं. त्याची मला सवय झाली होती. मग ते सगळे एकदम थांबले.

तेव्हा मला रेघ दिसली.

धुरामुळे लेझर हवेत रेघेसारखा दिसतो. कुरणाच्या टोकाकडून एक रेघ येऊन हृषीकेशच्या बाहीवर थांबली होती. मनगटाच्या जरा वर, वाटाण्याएवढा ठिपका.

"तुझ्यावर आहे कुणीतरी," मी कुजबुजलो.

त्याने हात सरकवला. ठिपका हाताबरोबर सरकला.

"गोळी का नाही मारत?" तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "शार्दूल… हा हलत नाहीये बघ."

आधी मला कळलं नाही. मग कळलं. माणसाच्या हातातला ठिपका थरथरतो. श्वास घेतला तरी हलतो, दीडशे मीटरवर तर चांगला वीतभर नाचतो. हा भिंतीत खिळा ठोकावा तसा होता. हृषीकेशचा हात हलला की हलायचा, थांबला की थांबायचा. तेवढंच.

मी रेडिओ तोंडाजवळ धरून विचारलं, तळ्याच्या बाजूला कोण आहे?

रॉसचा आवाज खरखरत आला. थंडी वाढली म्हणून बाकीचे सहाही जण परत आलेत. चहा पितायत. तुम्ही दोघंच राहिलात. या आता.

मी ट्यूब डोळ्यावरून वर केली. काळोख. काहीच नाही. खाली केली. रेघ होती. तिच्यावरून नजर मागे मागे नेली, जिथून ती निघतीये तिथपर्यंत. लेझरच्या तोंडाशी झगमगतं, तिथे माणूस असतो, बंदूक असते, निदान झाड असतं. ही मोकळ्या कुरणात, छातीएवढ्या उंचीवर, हवेतच सुरू होत होती.

"कुणीतरी वाट चुकलंय," हृषीकेश म्हणाला. "लेझर चालू ठेवून बसलाय येडा. कुणाचे तरी डोळे जातील. थांब, सांगून येतो."

"नको जाऊस."

"अरे, दोन मिनिटं…"

तो उठला आणि चालू लागला. रेघ वर उचलली गेली आणि समोरून त्याच्या छातीपाशी येऊन संपायला लागली. गवतात त्याच्या पावलांचा आवाज येत होता, कुरकुर, कुरकुर. मग तो आवाज इतका लांब गेला की माझाच श्वास मोठा वाटायला लागला.

मला फक्त बघायचं होतं तिथे काय आहे. मी बंदूक उचलली, नॉब फिरवला. 'लो'वर थांबला नाही, मी थांबवला नाही. 'हाय'वर गेला. बटण दाबलं, उजेड धुरात पसरला आणि आख्खं कुरण हिरवं उजळलं.

कांगारू होते. वीस-पंचवीस तरी. उजेड पडला की त्यांचे डोळे चमकतात, पण एकही डोळा चमकला नाही. सगळे अर्धगोल करून उभे होते, पाठी फिरवून. आणि त्या अर्धगोलाच्या मध्ये, जिथून ती रेघ निघत होती, तिथे गवत खाली दाबलं गेलं होतं. कुणीतरी उभं राहावं एवढंच.

हृषीकेश तिथून दहा पावलांवर होता. तो थांबला. त्याने ट्यूब कपाळावर सरकवली. आणि मागून हाक आल्यासारखा गर्रकन वळून माझ्याकडे बघायला लागला.

मी हाक मारली नव्हती.

त्याचे दोन्ही डोळे उघडे होते. माझा ठिपका त्याच्या चेहऱ्यावर होता. बोट उचलायचं, एवढंच करायचं होतं, प्रणव… बोट हललं नाही. दोन सेकंद. तीन असतील. आणि तेवढ्यात मला दिसलं की आता हवेत एकच रेघ आहे. ती दुसरी विझली होती, की माझ्याच रेघेवर येऊन बसली होती, ते सांगता येत नव्हतं. मग मी बटण सोडलं.

रेघ तशीच राहिली. मी एक श्वास घेतला, सोडला. मग ती गेली.

मी धावलो. कांगारू नव्हते. हृषीकेश उभा होता, एक हात डोळ्यांसमोर धरून बोटं मोजत असल्यासारखा.

"मधोमध काहीतरी काळं आलंय," तो म्हणाला. "कडेचं दिसतंय. तू दिसत नाहीयेस."

मी त्याचा डावा हात धरला आणि आम्ही शेडकडे निघालो. वाटेत तो मधूनच काहीतरी पुटपुटत होता, माझं तिकडे लक्ष नव्हतं. कुरणाच्या फाटकाशी टॉर्च घेऊन रॉस समोरून आला, त्याने हृषीकेशला शेडमध्ये नेऊन खुर्चीवर बसवलं. तिथून सरळ हॉस्पिटलला नेलं.

दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर, बरोबर मध्यभागी, भाजल्याचा डाग होता. डॉक्टर म्हणाली, लेझरच. ते भरून येत नाही. त्याला वाचता येत नाही, माणसाचा चेहरा दिसत नाही. गाडी गेली, नोकरीही गेली. केसाएवढ्या काचेच्या तारा जोडायचा तो माणूस.

मी सहा आठवडे त्याला त्या लेझरबद्दल काही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी डबा घेऊन जायचो, जसा तो आमच्याकडे आणायचा. मयूराला वाटायचं मी मैत्री निभावतोय. एका रविवारी त्याच्या किचनमध्ये वरण गरम करता करता मी सगळं सांगितलं. लेझर, स्क्रू, 'हाय', तीन सेकंद.

"वरण उतू जाईल," तो म्हणाला. मी गॅस बंद केला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "कुरण उजळलं ना, तेव्हाच कळलं. त्या लहान लेझरचा एवढा उजेड पडत नाही."

"म्हणजे मीच…"

"ते माहीत नाही." त्याने मान तिरकी केली. चेहरा बघायचा असला की आता तसंच करावं लागतं त्याला. "तुझा लेझर लागायच्या आधी मला डोळ्यांत गरम वाटलं. तेव्हा मी वळलो नव्हतो. तुझ्याकडे पाठ होती माझी."

तो हे मला बरं वाटावं म्हणून बोलला, की खरंच तसं होतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्याने मला माफ केलं की नाही तेही नाही. आम्ही जेवलो. मी भांडी घासली.

यानंतर साधारण महिन्याने रॉसने मला एक फोटो पाठवला. रानडुकरं येतात म्हणून त्याने कुंपणाच्या खांबाला कॅमेरा बांधलेला आहे, काही हललं की आपोआप फोटो निघतो. जुने फोटो पुसताना त्याला हा सापडला. खाली त्याने काहीच लिहिलं नव्हतं.

फोटोत मी आणि हृषीकेश फाटकाकडे चालतोय. मी त्याच्या डावीकडे, त्याचा डावा हात धरून. त्याचा उजवा हात बाजूला लांब झालाय, कोपरात जरा उचललेला. बोटं मिटलेली. कुणाचा तरी हात धरावा तशी. त्या बाजूला काहीच नाही. गवत आहे.

मी त्याच्याकडे गेलो आणि विचारलं, "त्या रात्री परत येताना तुझ्या उजवीकडे कोण होतं?"

"रॉस," तो लगेच म्हणाला.

"रॉस फाटकाशी भेटला. समोरून आला."

"नाही रे. तू एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला. पायाखाली तार आहे, जपून, असं म्हणाला नाही का तो…"

तो थांबला. मान तिरकी करून मला शोधायला लागला. बाहेर कुणाचं तरी लॉन मोवर चालू होतं, ते बंद पडलं.

"पण रॉसला मराठी कुठे येतं," तो हळूच म्हणाला.

मी त्याच्या खुर्चीशेजारी खाली बसलो. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "आणखी काय बोलला तो?"

"काही नाही. तुझं नाव विचारलं." हृषीकेशने गुडघ्यावरचा उजवा हात दुसऱ्या हाताने झाकून घेतला. "मला वाटलं, म्हातारा आहे, विसरला असेल… म्हणून मी सांगितलं."