डावीकडची सीट

दोन माणसांची गाडी घ्यायला मुहूर्त कोणता, तर घरात तिसरं माणूस येणार असताना. हे मी श्यामकांतरावांना तोंडावर सांगितलं नाही, कारण ते पडले जावई. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मूर्ख म्हणायची आपल्याकडे सोय नाही. 'बघू या' म्हणायचं आणि मनातल्या मनात दातओठ खायचे.

मी विमा कंपनीत मोटारींचा सर्व्हेअर. आदळलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या बघून त्यांची किंमत ठरवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे नात्यात कुणाला जुनी गाडी घ्यायची हुक्की आली की तो माझा रविवार खातो. चोपन्न सालच्या मे महिन्यातला तो रविवार श्यामकांतरावांनी खाल्ला.

गाडी मरोळ गावात होती. भर उन्हात आम्ही बसमधून उतरलो. श्यामकांतराव बँकेत नोकरीला, म्हणून रविवारीही गळ्यात टाय. मी घामानं निथळत होतो आणि ते वाटभर गाडीचा लाल रंग कसा वेगळाच आहे ते सांगत होते.

"दादा, तुम्ही फक्त एकदा नजर टाका. घ्यायचं तसं ठरलंच आहे."

"ठरलंय तर मला कशाला आणलंत?"

"म्हणजे, विसार दिलाय."

मी रस्त्यातच थांबलो. माल बघायच्या आधी विसार देणं म्हणजे अक्षता पडल्यावर पत्रिका जुळवायला बसणं. सव्वा रुपयाच असतो तो, पण एकदा हातावर ठेवला की शब्द गेला, वस्तू तुमची झाली.

"आणि मी नाही दिला," ते खुशीत म्हणाले. "क्षमाच्या हातून दिला. घरची लक्ष्मी. मागच्या रविवारी तिला मुलुंडला तुमच्याकडे सोडायला येत होतो ना, तेव्हा टॅक्सी इकडे वळवली. पाच मिनिटं बसली गाडीत. बॉनेटला हळदकुंकूसुद्धा लावलं."

क्षमाला आठवा महिना होता. बाळंतपणासाठी ती माहेरी, म्हणजे माझ्याकडे आली होती. पोर झालं की बाळंतिणीला या उघड्या गाडीत बसवून अंधेरीला घरी न्यायचं, असा जावईबापूंचा बेत होता. त्यावर बोललो असतो तर उन्हापेक्षा जास्त तापलो असतो.

घर गावाच्या टोकाला, क्रूसाच्या मागे. अंगणात चटयांवर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या, वर्षाचा मसाला करायला. मी आत पाऊल टाकलं आणि शिंकांनी जी सुरुवात केली ती डोळ्यांतून पाणी काढूनच थांबली. गाडीची मालकीण मार्सेलिनाबाई, पन्नाशीची, लुगड्यातली, मिरच्या उलटत बसली होती. नवरा ॲम्ब्रोज मागच्या पावसाळ्यात वारला होता. तो सांताक्रूझच्या विमानतळावर कामाला होता, आणि मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यानं ही गाडी घेतली होती.

"पानी प्या आदी," ती म्हणाली. "गाडी कुटं पलून नाय जात."

गाडी घरामागच्या पत्र्याच्या खोपटात होती. एम.जी., सत्तेचाळीसची, तारांची चाकं, पुढे दुमडणारी काच. कबूल करतो, देखणी होती. एका चाकाला टेकून कोंबडी बसली होती. तिला उठवल्यावर तिनं इतका आरडाओरडा केला की श्यामकांतराव तिच्यापासून गाडीच्या रंगाला वाचवायला धावले.

लोक आधी बॉनेट उघडतात. मी उघडत नाही. तेलपाणी करून इंजिनाला चार दिवस गोड बोलायला कुणीही शिकवतो. मी झीज बघतो. पायाखालची रबरं, स्टिअरिंगच्या चक्राची पकड, गादीचा खळगा. गाडी कोणी, किती, कशी चालवली ते झीज सांगते आणि तिला खोटं बोलता येत नाही.

उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला, झीज नव्हतीच. पेडलांच्या रबरावरच्या रेघा नव्या कोऱ्या होत्या. चक्राला हाताचा गुळगुळीतपणा लागलेला नव्हता. गादी कारखान्यातून आल्यासारखी फुगलेली. चक्रापासून दारापर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि ते जुनं, धुळीनं भरलेलं होतं.

डावीकडे मात्र सगळी वाट लागली होती. गादी खोल बसलेली. दाराच्या वरच्या कडेचं कातडं बोटांनी ओरबाडून फाटलेलं, आतलं लाकूड दिसत होतं. आणि खाली, जिथे शेजारी बसणाऱ्याचा उजवा पाय येतो, तिथे चटईला भोक पडून फळीला खळगा झाला होता. टाच आणि चवडा वेगळे ओळखू येत होते.

हा खळगा कशाचा ते मला लगेच कळलं, आणि त्याचाच राग आला. दुसरा कोणी वेगानं गाडी हाकत असला की शेजारी बसलेला माणूस घाबरून नसलेला ब्रेक दाबतो. मीही दाबतो. पण त्यानं फळी झिजत नाही.

"मार्सेलिनाबाई, ॲम्ब्रोज गाडी कशी चालवायचे?"

ती खोपटाच्या दारात येऊन उभी राहिली होती. "त्याला चालवाला येत नवता."

"मग चालवायचं कोण?"

"तो बाजूला बसाचा."

"अहो बाई, बाजूला बसून गाडी चालत नाही."

"चालाची," ती म्हणाली आणि पुन्हा मिरच्यांकडे गेली.

एकीकडे ही बाई, दुसरीकडे जावई. मी कपाळावर हात मारून घेतला आणि बॉनेटकडे वळलो. तिथे क्षमानं लावलेलं हळदकुंकू होतं. ते ओघळून लांबच लांब रेघा झाल्या होत्या, आणि त्या सगळ्या नाकाकडून काचेकडे, मागे ओढल्यासारख्या गेल्या होत्या. पावसात भरधाव जाणाऱ्या गाडीवर थेंब असेच मागे पळतात.

"तिनं टिळा गोल लावला होता," श्यामकांतराव जरा चमकून म्हणाले. "कोंबडीनं पुसला असेल."

"कोंबडीनंच असेल," मी म्हणालो. बॅटरीची पेटी उघडली. बॅटरी नव्हती, कधीच विकली होती. चाकांतली हवाही बसली होती.

या गाडीची एक खोड आहे. वेगाचं घड्याळ ड्रायव्हरसमोर नसतं, शेजारच्यासमोर असतं. बिचाऱ्यानं नुसतं बघत बसायचं. त्या घड्याळाचा काटा सत्तरवर होता. मी काचेवर टिचकी मारली, तो शून्यावर पडला. अडकला असेल, मी स्वतःला सांगितलं. बाजूच्या फळीवर ॲम्ब्रोजचे जुने बूट ओळीनं मांडून ठेवले होते. सवयीनं मी तेही उलटून पाहिले. डावे सगळे धड होते. उजवे सगळे चवड्याखाली झिजून आरपार गेले होते.

वळून पाहिलं तर काटा पुन्हा सत्तरवर.

आता मी चिडलो. यंत्र आहे, त्याला कारण असणारच. स्पीडोमीटरची तार कुठे अडकते ते बघायला मी डावीकडून आत बसलो.

गादीनं मला बेतल्यासारखं आत घेतलं.

माझा उजवा पाय खाली गेला आणि खळग्यात बसला. मी ठेवला नव्हता. काटा पंचाहत्तरवर गेला.

खोपटात पान हलत नव्हतं. दाराशी कोंबडी दाणे टिपत होती. माझे केस मात्र मागे उडत होते, आणि डोळे उघडे ठेवणं कठीण झालं होतं. माझी बोटं दाराच्या कडेला, फाटलेल्या कातड्यावर, कुणाच्या तरी बोटांच्या जागी पक्की बसली होती.

ऐंशी.

पाय दाबत होता. फळी करकरत होती.

उजवीकडे मान वळवायची नाही, एवढं मला कुणी न सांगता कळलं. तिकडे कोळ्याचं जाळं होतं, ते मी स्वतः पाहिलं होतं. तरी मी वळलो नाही.

"दादा!" श्यामकांतरावांनी माझा दंड धरून मला बाहेर खेचलं. "किती हाका मारायच्या? मी चहा पिऊन आलो, तुम्ही आपले बसलेलेच."

ऊन खोपटाच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं. माझा पाय मांडीपर्यंत थरथरत होता.

"चॅसी तडकलीय," मी म्हणालो. "गाडी घ्यायची नाही."

"पण तुम्ही खाली वाकून तर..."

"श्यामकांतराव," मी म्हणालो, आणि माझा आवाज ऐकून ते एक पाऊल मागे सरले. एरवी जावयाशी मी असं बोललो नसतो.

मार्सेलिनाबाईला विसार परत मागितला. मला वाटलं, भांडेल. ती घरात गेली, देव्हाऱ्यातल्या मारियाच्या तसबिरीमागून रुमालात बांधलेला सव्वा रुपया घेऊन आली आणि माझ्या हातावर ठेवला.

"घ्या. ॲम्ब्रोजचा विसार पन मी परत आणलेला, सायबाकडनं. सायबानं लगेच दिला. गाडी पन आमी परत केली."

"मग ती इथे कशी?"

"सकाळी खोपटात होती." तिनं पदरानं हात पुसले. "तवापासनं त्याला गाडीत बसाला लागला नाय. तो घरातच खुर्चीत बसाचा. खुर्चीतच गेला."

"कशानं गेला?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं.

"डाक्तर बोलला, गाडी कुटं आदळली? छाती आत गेलेली त्याची." ती श्यामकांतरावांकडे बघत नव्हती, माझ्याकडेच बघत होती. "मी बोलली, डाक्तर, तो तर खुर्चीत होता."

श्यामकांतराव मरोळ नाक्यापर्यंत कुरकुरत आले. बाई भ्रमिष्ट आहे, मी घाई केली, गाडीचा रंग पुन्हा मिळणार नाही. मी ऐकत नव्हतो. मला मुलुंडला पोचायचं होतं. नाक्यावर त्यांना अंधेरीच्या बसला लावून मी टॅक्सी धरली, आणि पवईच्या तळ्याकाठच्या वळणांवर ड्रायव्हर जरा जोरात निघाला तसा मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "साहेब, वीसवर पण नाय गाडी."

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आई शेजारी गेली होती. दारात क्षमाच्या चपला होत्या. पाय सुजलेत म्हणून मागच्या रविवारी मीच तिला या सैल चपला आणून दिल्या होत्या, आणि तेव्हापासून ती अंगणाच्या पलीकडे गेली नव्हती. मी वाकलो. डाव्या चपलेच्या तळावर दुकानदाराचा खडूचा आकडा अजून तसाच होता.

उजवीच्या चवड्याखाली मी बोट घातलं. ते आरपार गेलं.

ती व्हरांड्यात आरामखुर्चीत झोपली होती. एक हात पोटावर, दुसऱ्यानं खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला. उजवा पाय फरशीवर दाबलेला, बोटं पांढरी पडलेली. मी तिच्या मुठीत तो विसार कोंबला आणि तिला हलवून हलवून जागं केलं.

"दादा, आलास?" ती थकून हसली. "काय रे झालं? असा काय बघतोस?"

"काही नाही. ऊठ, खुर्चीतून आधी ऊठ."

"उठते रे. किती उकडतंय." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे मान वर केली.

उन्हाळ्यात घामानं कुंकू ओघळतं, नाकावर येतं. तिचं वर गेलं होतं, बारीक रेघांनी, कपाळावरून मागे केसांत.